झाकली मूठ एक लाखाची

अध्यक्षांना पाचपैकी पाच. एमडींना पाच. ऑडिट कमिटीला पाच. आणि ज्यांनी वर्षभर पडद्यावर हजर राहून, माइक बंद ठेवून, शेवटी फक्त 'थँक्यू एव्हरीवन' म्हटलं, त्या गृहस्थांनाही पाच! बोर्डाच्या मूल्यमापनाच्या सबंध फॉर्ममध्ये एकाच ठिकाणी तू चार दिलेस. कुठे? 'नव्या संचालकांची ओळख व प्रशिक्षण.' वा रे पठ्ठे! जिथे कुणाचं नाव नाही, कुणाला लागणार नाही, नेमकी तीच जागा हुडकलीस आणि तिथे एक गुण कापून प्रामाणिकपणाची पावती फाडलीस.

वर मला विचारतोस, 'सर, ठीक आहे ना?'

नाही. ठीक नाही. (बोर्डाचा गोपनीय कागद मला दाखवलास हा वेगळा गुन्हा. त्याचं नंतर बघू.)

तू माझ्याकडे शिकलास म्हणून बोलतोय. दुसऱ्या कुणी हा कागद आणला असता तर चहा पाजून वाटेला लावला असता. वर्गात ताळेबंद फिरवला की बाकीची पोरं नफ्याचा आकडा शोधायची. तू थेट तळटिपांवर जायचास. येणी का वाढली, साठा का तुंबला, हे कर्ज नेमकं कुणाला दिलंय, असले प्रश्न तुझे असायचे. पुढे बँकेत गेलास. भल्याभल्या कर्जदारांना समोर बसवून घाम फोडलास. तू बावळट असतास तर माझी काही तक्रार नव्हती. बावळटाला काय बोलायचं? तू बावळट नाहीस. तू बावळटपणाचं सोंग घेतलंयस आणि त्या सोंगाचे पैसे घेतोस. कायद्याने स्वतंत्र संचालकाला एका बैठकीचे जास्तीत जास्त एक लाख रुपये. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुझी एक लाखाची. वरचे पंचवीस हजार कायद्याने कापलेत एवढंच.

किती वेळ लागला हा फॉर्म भरायला? खरं सांग. कंपनी सेक्रेटरीने मार्चअखेरीस लिंक पाठवली. तू ती तीन आठवडे उघडली नाहीस. मग त्याचा आठवणीचा मेल आला, मग फोन आला, आणि विमानतळावर रांगेत उभं राहून तू अंगठ्याने पाच-पाच-पाच करत सुटलास. वर्षभराच्या कारभाराचा निवाडा! तोही बोर्डिंग सुरू व्हायच्या आत!

आता म्हणशील, 'सर, सगळेच असं करतात.' करतात ना. म्हणून तर बोलतोय.

कायदा तुला मी सांगायची गरज नाही, पण सांगतो. कारण माहीत असून विसरणं ही तुझी नवी कला आहे. कंपनी कायदा २०१३ मध्ये आला. बोर्डाने दरवर्षी आपलं, आपल्या समित्यांचं आणि एकेका संचालकाचं मूल्यमापन करायचं आणि ते कसं केलं हे अहवालात भागधारकांना सांगायचं, असं त्याने बजावलं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना ते लागू आहे. सेबीने ५ जानेवारी २०१७ रोजी त्यासाठी सविस्तर मार्गदर्शक टिपण काढलं. काय विचारायचं, कुणाला विचारायचं, निष्कर्षांचं पुढे काय करायचं, सगळं त्यात आहे. आणि तुम्ही मंडळींनी काय केलंत? त्यातले मुद्दे उचललेत, पुढे एक ते पाच असे रकाने पाडलेत आणि दरवर्षी तोच कागद फिरवायला लागलात. तोच फॉर्म, तीच उत्तरं. नुसतं वरचं साल बदलायचं!

तुमच्या वार्षिक अहवालातलं ते वाक्य वाचलंस का कधी? 'संचालकांनी मूल्यमापनाच्या प्रक्रियेबाबत समाधान व्यक्त केले.' दहा कंपन्यांचे अहवाल उघड, निदान निम्म्यांत हेच वाक्य सापडेल. प्रक्रियेबाबत समाधान! अरे, प्रक्रियेचं कोण विचारतंय? पेपर छान छापला होता, शाई फुटली नव्हती, याचं समाधान? उत्तरं काय आली ते सांगा ना. बोर्ड कुठे कमी पडलं? गेल्या वर्षी जे सुधारायचं ठरलं होतं त्यातलं किती सुधारलं? त्यावर अळीमिळी गुपचिळी.

आता तुमच्या त्या वेगळ्या बैठकीकडे येऊ. वर्षातून निदान एकदा फक्त स्वतंत्र संचालकांनी बसायचं. प्रमोटर नाही, एमडी नाही, व्यवस्थापनाचा एकही माणूस नाही. अध्यक्षांचं काम कसं आहे, बोर्डाचं कसं आहे, हे मोकळेपणी बोलायचं. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात हे सरळ लिहिलंय. तुमची ती बैठक किती वेळ चालली? अर्धा तास. केव्हा? बोर्डाची बैठक संपल्यावर, जेवणाआधी. कुठे? एमडींच्या केबिनला लागून असलेल्या खोलीत. टिपणं कोण घेत होतं? कंपनी सेक्रेटरी, म्हणजे ज्याची पगारवाढ एमडींच्या हातात आहे तो. आणि बोललात काय? 'एकूण उत्तम चाललंय.' मग पनीर थंड होईल म्हणून उठलात.

त्याच परिशिष्टात आणखी एक काम तुमच्या माथी मारलंय. व्यवस्थापनाकडून बोर्डाकडे येणारी माहिती कशी येते, किती येते आणि वेळेवर येते का, हे तपासायचं. आता आठव. जानेवारीत रात्री साडेदहाला तू मला फोन केलास. कशासाठी? 'सर, चारशे पानांचा अजेंडा आत्ता आलाय आणि उद्या सकाळी बैठक आहे. हा काय प्रकार आहे?' कावला होतास. बरोबरच होतं तुझं. अजेंडा आणि त्याची टिपणं सात दिवस आधी हातात पडायला हवीत, असा नियम आहे. मग तुझ्या या फॉर्ममधला अकरावा प्रश्न वाच. मोठ्याने वाच. 'संचालकांना आवश्यक माहिती पुरेशी व वेळेवर मिळते.' पुढे काय दिलंयस?

पाच.

रात्री साडेदहाला मला एक सांगतोस आणि दिवसाढवळ्या कंपनीला दुसरं लिहून देतोस. यातलं खोटं कुठलं?

'सर, उगाच वातावरण बिघडतं.' हे तुझं आवडतं पालुपद. बोर्डाचं वातावरण म्हणजे काय रे? तिथे काय सत्यनारायण चाललाय? हजारो लोकांचा पैसा आहे. कुणाचा भविष्यनिर्वाह निधी आहे, कुणाच्या म्युच्युअल फंडाचा हप्ता आहे. त्यांनी तुला तिथे कशाला बसवलंय? वातावरण राखायला? भीड भिकेची बहीण असते, हे तू लहानपणापासून ऐकलंयस. इथे गंमत अशी, की भीड तुझी आणि भीक दुसऱ्याच्या नशिबी.

आणि भीड तरी खरी आहे का? मला शंका आहे. तुझी पहिली पाच वर्षं पुढच्या वर्षी संपतात. दुसऱ्या मुदतीला विशेष ठराव लागतो, म्हणजे पडलेल्या मतांपैकी पंचाहत्तर टक्के. तुमच्या कंपनीत प्रमोटरांचा वाटा बघता त्यांच्या मनात नसेल तर तो ठराव होत नाही. शिवाय तुला पुन्हा घ्यायचं की नाही, हे तुझ्या मूल्यमापनावरून ठरवायचं असतं, आणि ते मूल्यमापन करतं कोण? तुला सोडून बाकीचं सगळं बोर्ड. ज्यांना तू पाच दिलेस तेच. ही तुमची भिशी आहे. यंदा मी तुला, पुढल्या वेळी तू मला, आणि कुणाचाच नंबर चुकायचा नाही. त्याला भीड म्हणू नकोस. हिशेब म्हण. हिशेब मीच शिकवलाय तुला, मला ओळखू येतो.

'कंपनी चांगली चाललीय, शेअर वर आहे, मग बोर्ड चांगलंच असणार ना?' हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकलं आणि वाटलं, आपली सगळी मेहनत पाण्यात गेली. सत्यमचंही बाहेरून सगळं चांगलंच दिसत होतं ना? २००८ साली तर उत्तम कारभाराबद्दल तिला गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला. बोर्डावर कोण होते? हार्वर्डचे प्राध्यापक, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे डीन, पेंटियम चिपसाठी जगभर ओळखला गेलेला इंजिनिअर, केंद्र सरकारचे माजी कॅबिनेट सचिव. असल्या नावांचा फॉर्म तुला दिला असता तर तू पाचाच्या पुढे अधिकचं चिन्ह काढून आला असतास. १६ डिसेंबर २००८ ला या मंडळींसमोर प्रस्ताव आला. सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाच्याच दोन मेटास कंपन्या सत्यमने घ्यायच्या. किंमत सुमारे १.६ अब्ज डॉलर. आयटी कंपनीने जमिनी आणि बांधकाम कशाला घ्यायचं, विकणारे कोण, मूल्यांकन कुणाचं? काही संचालकांनी प्रश्न विचारलेही. पण शेवटी ठराव झाला एकमताने! गुंतवणूकदारांनी काही तासांत असा गहजब केला की व्यवहार मागे घ्यावा लागला. बाहेरच्या माणसाला काही तासांत जे दिसलं ते आत बसलेल्यांना दिसलं नाही? दिसलं असणार. दिसूनही हात वर गेले. तीन आठवड्यांत, ७ जानेवारी २००९ ला, रामलिंग राजूंचं पत्र आलं: ताळेबंदात ५,०४० कोटींची अशी रोकड दाखवलीय, जी मुळात नाहीच.

त्या लोकांची अक्कल काढतोस तू. वर्गात काढायचास, आठवतंय मला. त्यांच्यापेक्षा तू काय वेगळं केलंस? तुमच्याकडे प्रमोटरच्या मेव्हण्याचं गोदाम भाड्याने घ्यायचा विषय आला. बाजारभावापेक्षा भाडं जास्त आहे, हे तुला ठाऊक होतं. तूच मला सांगितलंस. त्या बैठकीत काय बोललास? 'दर तपासून घ्या.' घेतले का तपासून? पुढच्या बैठकीत विचारलंस? नाही. ठराव झाला, गोदाम घेतलं, आणि ज्या ऑडिट कमिटीने ते डोळे मिटून पुढे सरकवलं तिला तू आज पाच देतोस. रक्कम लहान आहे म्हणतोस. रक्कम लहान असताना ज्याची जीभ उचलत नाही त्याची मोठ्या रकमेला उचलेल? कशाच्या जोरावर?

एन्रॉन तर तुला घरची वाटायला हवी. गुहागरच्या किनाऱ्यावर, दाभोळ प्रकल्पाच्या निमित्ताने, तिने महाराष्ट्राला चांगलंच ओळखीचं करून घेतलं होतं. तिच्या बोर्डाला अमेरिकेतल्या 'चीफ एक्झिक्युटिव्ह' मासिकाने २००० साली देशातल्या सर्वोत्तम पाच बोर्डांत बसवलं. ऑडिट कमिटीचा अध्यक्ष स्टॅनफर्डचा हिशेबशास्त्राचा प्राध्यापक. आमच्याच धंद्यातला! आणि याच बोर्डाने १९९९ साली आपल्याच वित्तप्रमुखाला कंपनीशी धंदा करणाऱ्या खासगी भागीदाऱ्या चालवता याव्यात म्हणून स्वतःची आचारसंहिता बाजूला ठेवली होती. डिसेंबर २००१ मध्ये दिवाळं निघालं. मासिकाने दिलेले गुण कुठे गेले कुणास ठाऊक.

मुंबईची वित्तसंस्था आयएलअँडएफएस बघ. बोर्डावर एलआयसीसारख्या बड्या संस्थांची माणसं. डोक्यावर ९१ हजार कोटींहून जास्त कर्ज. आणि जिने हे ओझं मोजायचं, त्या जोखीम समितीची बैठक जुलै २०१५ नंतर जवळजवळ तीन वर्षं झालीच नाही. १ ऑक्टोबर २०१८ ला सरकारला बोर्ड बरखास्त करून घ्यावं लागलं. तीन वर्षं न भरलेल्या समितीला त्या काळात कुणी शून्य दिल्याचं तू ऐकलंस? मी नाही ऐकलं. आता मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांत ही समिती वर्षातून निदान दोनदा भरलीच पाहिजे असा नियम आहे. तुमची दोनदा भरते. नियमाला पुरतं तेवढंच, एकदाही जास्त नाही.

आणि चौकशीआधीच प्रमाणपत्र वाटायची घाई केली की काय होतं, तेही मुंबईतच बघायला मिळालं. २८ मार्च २०१८ ला आयसीआयसीआय बँकेच्या बोर्डाने पत्रक काढून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांवर पूर्ण विश्वास जाहीर केला. दोन महिन्यांत स्वतंत्र चौकशी जाहीर करायची पाळी आली. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्णांकडे ती गेली. जानेवारी २०१९ मध्ये अहवाल आला आणि बँकेच्या बोर्डाने त्याच अधिकाऱ्याचं जाणं ही बडतर्फी मानायचं ठरवलं. मार्चमध्ये कुणी एकाने हात वर करून म्हटलं असतं, 'थांबा, आधी बाहेरच्या माणसाकडून तपासून घेऊ,' तर बोर्डाचं काय गेलं असतं? काही नाही. उलट लाज राहिली असती.

'मग बाहेरची संस्था नेमू, सर.' नेमा की. कायद्यात ती सोय आहे. विलायतेत मोठ्या कंपन्यांनी निदान दर तीन वर्षांनी बाहेरून मूल्यमापन करून घ्यावं, असं तिथली आचारसंहिता सांगते. पण नेमणार कोण? तुम्हीच. पैसे कोण देणार? कंपनी. ती माणसं येऊन तुमच्या मुलाखती घेतील, आणि तू त्यांच्यापुढेही हेच पाच ओकलास तर ती काय जादू करणार आहेत? चकचकीत कागदावर तुझाच खोटेपणा रंगीत आलेखात छापून देतील.

आणखी एक. अमेरिकेत पीडब्ल्यूसी ही संस्था दरवर्षी संचालकांना नाव न घेता विचारते: तुमच्या बोर्डावरचा एखादा माणूस बदलावा असं वाटतं का? निम्म्याच्या आसपास 'हो' म्हणतात. म्हणजे नाव लपलं की माणसाला सगळं कळतं. कळत तुलाही आहे. मला फोनवर त्या मुक्या गृहस्थांची नक्कल करून दाखवलीस तेव्हा किती मार्मिक मूल्यमापन केलंस! त्यातलं एक वाक्य तरी या फॉर्मच्या 'अन्य सूचना' या रकान्यात उतरवायचं होतंस. तिथे काय लिहिलंयस? 'निरंक'.

आता शेवटचं ऐक, कारण तुला वाटतंय की पाच देण्यात निदान धोका तरी नाही. उलट आहे. कलम १४९ पोटकलम १२ काढ. स्वतंत्र संचालकाला दोषी धरायचं तर ती गोष्ट बोर्डाच्या कामकाजातून त्याला ठाऊक असावी लागते आणि त्याची संमती किंवा संगनमत असावं लागतं. नाहीतर त्याने दक्षता बाळगली नाही असं दिसावं लागतं. उद्या काही उलटंसुलटं निघालं तर तुझ्यासारखे सगळे एकच बचाव मांडतात: 'आम्हाला माहितीच दिली नव्हती.' कोणत्या तोंडाने मांडशील? तुझ्याच नावाने, दरवर्षी, लिहून दिलेलं आहेस की माहिती पुरेशी आणि वेळेवर मिळते. पाचपैकी पाच. तुझ्या वकिलाला पहिला घाम हा कागद फोडेल.

म्हणून सांगतो ते कर, आणि विमानतळावर करू नकोस. घरी बस. वर्षभराची इतिवृत्तं समोर घे. सगळ्यात मोठे तीन निर्णय काढ. प्रत्येकाची टिपणं हातात कधी पडली, सादरीकरण किती वेळ चाललं आणि चर्चा किती, हे मांड. वर्षभरात बोर्डाने एक तरी प्रस्ताव परत पाठवला का? एकही नसेल तर एक तर तुमचं व्यवस्थापन देवदूतांचं आहे किंवा तुम्ही निजलेले आहात. देवदूत मी अजून पाहिलेले नाहीत. प्रमोटरांच्या नातलगांशी झालेले व्यवहार एका कागदावर उतरव आणि प्रत्येकापुढे लिही की त्यावर प्रश्न कुणी विचारला. कुणाचंच नाव येत नसेल तर रकाना कोरा ठेव. कोरा रकाना बोर्डापुढे ठेवायला तरी लाजू नकोस.

मग स्वतःकडे ये. स्वतःला गुण नकोत. ज्या प्रश्नांवर तू गप्प बसलास त्यांची यादी कर. गोदामाचं पहिलं लिही. त्या मुक्या गृहस्थांबद्दलही लिही, पण नक्कल करून नव्हे. हजेरी किती, तयारी कशी, बैठकीत भर काय घातली, एवढंच आणि सभ्य भाषेत. त्यांना तोंडावर सांगायचं काम अध्यक्षांचं आहे. अध्यक्ष ते करत नसतील तर अध्यक्षांचे गुण तिथे कापायचे असतात, प्रशिक्षणाच्या ओळीत नाही.

तुमची बोर्डाची बैठक मेमध्ये आहे, वार्षिक निकालांसाठी. वेळ आहे अजून. सेक्रेटरीला आजच कळव की माझा फॉर्म मागे घेतोय, नवा देतोय. तो म्हणेल लिंक बंद झाली. तर कागदावर लिही, सही कर, अध्यक्षांच्या हातात दे आणि त्याची नोंद इतिवृत्तात घ्यायला लाव. दुसरी मुदत मिळेल की नाही याची चिंता मला सांगू नकोस. पेन्शन आहे तुला, घर आहे, पोरं मार्गी लागलीत. उपाशी मरणार नाहीस. ज्याला काही गमावण्याची खरोखर भीती आहे असा माणूस घाबरला तर मी समजू शकतो. तू कशाला घाबरतोस?

हा फॉर्म इथेच ठेवून जा. तसाही तो कुणाच्या कामाचा नाही. नवा लिहून झाला की मला दाखवू नकोस, जिथे द्यायचा तिथे दे.